तिसऱ्या मतासाठी गोराईला

सोलापुरात कुणी मुंबईहून परत आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, समुद्र पाहिलास का. पाहिला. पण फोटोतला नाही. गोराईच्या खाडीचा, ओहोटीचा, चिखलासकट. मुंबईत पाहण्यासारखं जे म्हणून असतं त्यातलं मी काहीच पाहिलं नाही. साकीनाका, कांदिवली, बोरिवलीचा धक्का आणि गोराई एवढाच माझा प्रवास, आणि तोही एका मतासाठी. ज्यांना तिकडे जायचं कारण कधी पडणार नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, म्हणून आधी मताचं सांगते.

मी एका कॉलेजात संगणक विभाग सांभाळते. घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. गेली दहा-अकरा वर्षं मी रात्रीच्या स्वयंपाकाला लागायच्या आधी, संध्याकाळच्या मोकळ्या वेळात, आणखी एक काम करते, ज्याला पगार नाही. वेबसाइटच्या दारात उभं राहणारं एक सॉफ्टवेअर असतं. येणारी सगळी माणसं एकाच दारातून येतात, दारामागे चार-सहा सर्व्हर असतात, आणि कुणाला कुठल्या सर्व्हरकडे पाठवायचं ते हे सॉफ्टवेअर ठरवतं. असं एक सॉफ्टवेअर जगात कुणीही फुकट वापरावं असं आहे, आणि त्याची देखभाल वापरणारेच करतात, ईमेलवर एकमेकांशी वाद घालत. त्यातल्या भार वाटण्याच्या भागाकडे पाहणारी माणसं अगदी थोडी. त्यात मी एक.

या भागात एक जुनी खोड होती. एखादा सर्व्हर बंद पडला की दारावरचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे माणसं पाठवणं थांबवतं. थोड्या वेळाने एकाला पाठवून पाहतं. उत्तर आलं की लगेच त्याच्या वाट्याची पूर्ण गर्दी त्याच्यावर सोडतं. नुकता उठलेला सर्व्हर त्या गर्दीने पुन्हा पडतो. आमच्या कॉलेजात निकालाच्या दिवशी हेच होतं. सहा सर्व्हर आहेत. एक पडला की उरलेल्या पाचांवर ताण येतो, पडलेला उठतो, पुन्हा पडतो, आणि गावोगावची मुलं मोबाईल हातात धरून बसून राहतात. मी त्यावर बदल लिहिला होता. परत आलेल्याला आधी त्याच्या वाट्याचा दहावा हिस्सा द्यायचा, मग दर मिनिटाला आणखी एक दहावा. दहा मिनिटांत पूर्ण भार.

आमच्यात रीत अशी आहे. प्रयोगाच्या आवृत्तीत बदल करायचा तर कळवायचं आणि वाट पाहायची. कुणी काही बोललं नाही तर ती संमती धरतात. पक्क्या आवृत्तीत, म्हणजे जी सगळं जग वापरतं तिच्यात, गप्प राहणं चालत नाही. तिथे तिघांनी आपल्या हाताने 'अधिक एक' लिहावं लागतं. माझं एक होतं, कांदिवलीच्या प्रशांतचं दुसरं. तिसरं हेमाचं हवं होतं, कारण त्या भागाचा मूळ कोड तिचा. आणि हेमा गेल्या पावसाळ्यापासून गप्प होती. निकाल जूनमध्ये लागणार. त्याआधी पक्की आवृत्ती निघाली आणि तीत माझा बदल नसला तर आणखी एक वर्ष गेलं.

हेमाला मी कधी पाहिलं नव्हतं. ती कॅमेरा बंद ठेवायची. आम्ही दोघी मराठी आहोत हेसुद्धा आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा नवऱ्याला लिहिलेला निरोप माझ्या हातून चुकून सगळ्या जगाला गेला, 'येताना कोथिंबीर आणा.' अर्ध्या तासात हेमाचं खाजगी उत्तर आलं, 'सगळ्यांनी आणायची की एकानेच?' तेव्हापासून तिच्या ईमेलची मला सवय लागली. चुकीला ती चूक म्हणायची, मध्ये गोड काही लावायची नाही, आणि शेवटी नेहमी एक प्रश्न ठेवायची, ज्याचं उत्तर द्यायला मला दुसऱ्या दिवसापर्यंत विचार करावा लागायचा. ते ईमेल थांबल्यावर घरात माझं काही अडलं नाही. पण सकाळी चहा होता होता मी काहीतरी शोधत असायचे, आणि ते काय हे मला माहीत असायचं.

साकीनाका

आमच्यातले मुंबईचे काही जण वर्षातून एकदा भेटतात. मी यंदा पहिल्यांदा गेले. जागा साकीनाक्याला, बिजागऱ्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या माळ्यावर. खाली प्रेस मशीन चालू, दर ठोक्याला वर टेबल हलायचं आणि चहाला वलय उठायचं. चहा मात्र अर्धाच. एक चहा मागवून दोघांत वाटायचा ही तिकडची पद्धत. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा कप दिला तर तो पुढच्या वेळी येत नाही.

प्रशांतशी माझी पडद्यावर ओळख होती. गोल चेहऱ्याचा, चाळिशीचा, सतत बोलणारा माणूस. वडील गिरणीत होते, मूळ मालवणकडचे. माझ्या पिशवीतल्या कडक भाकऱ्यांचा गठ्ठा पाहून त्याने त्यातली एक टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवून पाहिली आणि म्हणाला की सोलापूरकरांनी हे आधी का नाही सांगितलं.

मतांचा विषय निघाला तेव्हा त्याने सोपा मार्ग काढून ठेवला होता. सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या भागाकडे पाहणारा एक जण त्याच्या शब्दावर तिसरा होकार द्यायला तयार होता, न वाचता. मी नको म्हटलं. न वाचता दिलेला होकार मोजायचा असेल तर मग मोजायचंच कशाला?

"मग हेमाकडे जा," प्रशांत म्हणाला. "माझा फोन ती उचलत नाही. गोराईला राहते, कोळीवाड्यात. पण एक सांगू का, वर्षभर कुणी बोललं नाही तर आपण त्याचं नाव मानाच्या यादीत टाकतो. तिचं वर्ष भरत आलंय, यार. मी कुठवर टाळू?"

मानाची यादी म्हणजे ज्यांनी पूर्वी काम केलं त्यांची नावं. तिथल्यांना आम्ही मान देतो, मत देत नाही.

कांदिवली

मुक्काम प्रशांतच्या घरी होता. चौथा मजला, खिडकीतून समोरच्या इमारतीचं स्वयंपाकघर इतकं जवळ की त्यांच्या फोडणीला आम्ही शिंकायचो. रात्री काळ्या वाटाण्याची आमटी आणि भात. सकाळी मला बोरिवलीच्या धक्क्यावर लवकर पोचायचं होतं, पण प्रशांतच्या आईंनी दार अडवलं. "आमच्या घरातसून सकाळी उपाशी कोण जाणा नाय," म्हणाल्या, आणि घावण्यांवर घावणे येत राहिले. आमच्याकडे भाकरी थापताना घरभर आवाज होतो. घावणा नुसता तव्यावर ओततात, झाकण ठेवतात आणि गप्पा मारतात. नारळाच्या रसाबरोबर मी किती खाल्ले ते मोजलं होतं, पण लिहीत नाही.

त्यांना मी कुठे चालले ते सांगितलं. बाई हातातलं झाकण तसंच धरून म्हणाल्या, "तिका विचार, बरी आसा मां. मताचा मगे विचार."

गोराई

बोरिवलीच्या बाजूने धक्क्यावरून लहान बोट सुटते आणि थोड्याच वेळात पलीकडे पोचते. माणसं स्कूटरसकट चढतात. मला वाटलं होतं समुद्र निळा असेल. खाडी मातीच्या रंगाची होती, दोन्ही काठांना खारफुटी, आणि वास असा की पहिल्यांदा श्वास रोखावा आणि नंतर तो कधी सोडला ते कळू नये. ओहोटी होती. पलीकडे उतरताना पायऱ्यांवर शेवाळ, सगळ्यात खालच्या पायरीवर माझा पाय घसरला आणि डावी चप्पल चिखलात गेली. ती काढायला एका बाईने मदत केली, पण पट्टा तुटला तो तुटलाच. हेमाचं घर विचारत मी एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल अशी गावात शिरले.

गाव शांत. काही घरांच्या कोपऱ्यांवर क्रूस, पुढे कोळीवाडा लागला की देऊळ. बांबूच्या मांडवांवर दोऱ्यांना बोंबील वाळत घातलेले, जबड्यात जबडा अडकवून, जोड्या जोड्यांनी. आमच्याकडे अशी मिरची वाळते, पण तिच्या खालून मांजरं हिंडत नाहीत.

घरी हेमाची आई होती. पलंगावर बसलेली, शेजारी वॉकर. कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं. हेमा घरी नाही, म्हणाली. ती बोरिवलीच्या बाजारात होती, पहाटेपासून. म्हणजे मी जिथून बोट पकडली तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. मी खाडी ओलांडून आले होते आणि जिच्यासाठी आले ती मागे राहिली होती. परत जावं तर वाटेत चुकामूक व्हायची. म्हातारी म्हणाली, "बस गो बाय. दुपारच्याला येल ती." आणि मला आपल्या चपला दिल्या, कारण तिला त्या लागत नव्हत्या.

हेमा घरूनच सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते असं मी धरून होते. आईने सांगितलं ते असं. मासळीबाजारात आईची स्वतःची जागा आहे, सासूकडून आलेली, जन्मभर ती तिथे बसली. पडल्यावर ती जागा रिकामी राहिली असती. रिकामी दिसली की दुसरी बसते, आणि मग उठवता येत नाही. सून नोकरीवाली, वसईला. म्हणून हेमाने कंपनीचं काम अर्धं करून घेतलं. सकाळी बाजार, संध्याकाळी कंपनी. "गनपतीपर्यंतच," आई म्हणाली. "मंग मी बसतेच." हे म्हणताना तिने वॉकर जरासा दूर ढकलला.

तिला मी हेमाच्या कंपनीतली वाटले होते. आमचं काम काय ते मी समजावायचा प्रयत्न केला.

"पैसं कोन देतं?" तिने विचारलं.

"कुणीच नाही."

"आनि भांडता म्हनं लई. हेमा रातभर टाइप करायची. फुकट हाय तर भांडता कशाला गो?"

चूक राहू नये म्हणून, असं काहीतरी मी म्हटलं. तिने ते थोडा वेळ तोलून पाहिलं. बाजारात आम्ही पण भांडतो, म्हणाली, पण समोर गिऱ्हाईक तरी असतं.

दुपारी बाहेर रिकामे टब खाली ठेवल्याचा आवाज झाला. दारात एक उंच, सावळी बाई उभी राहिली. पंजाबी ड्रेसवर प्लास्टिकचा एप्रन, केस वर बांधलेले, चष्म्याच्या काचेवर एक खवला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायातल्या आपल्या आईच्या चपलांकडे, मग पिशवीकडे.

"सुषमा ना गं तू?" म्हणाली. "कोथिंबीर आणलीस?"

ती कोथिंबीर सोडली तर इतकी वर्षं आम्ही इंग्रजीतच लिहिलं. तिथे तू आणि तुम्ही एकच. वाटभर मी तिला अहो-जाहो करायचं ठरवत आले होते. तिने एका वाक्यात ते मिटवलं.

जेवायला बोंबलाचं आंबट आणि भात. मी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी काढली. आईने भाकरी बोटाने वाजवली आणि ही खायची की भिंतीला लावायची, असं विचारलं. हेमाने ती मोडून रश्श्यात बुडवली, थोडी मऊ होऊ दिली आणि खाल्ली. मग दुसरी. आमच्या घरी रविवारी मटण होतं, पण समुद्राचा मासा आमच्या ताटात फारसा येत नाही. ताजा बोंबील जिभेवर ठेवला की उरतच नाही, चावायला काही लागत नाही. मला ते आवडलं की नाही हे अजून ठरवता आलेलं नाही. पण आठवण येते.

तिने माझ्या मुलीची बारावी विचारली, मी तिच्या आईचं ऑपरेशन. मताचं कुणीच काढत नव्हतं. बोटीची वेळ झाल्यावर ती मला धक्क्यापर्यंत सोडायला आली. तिथे वाट पाहताना मीच विचारलं.

"माझा बदल वाचलास?"

"पाठवलास त्याच दिवशी."

"मग?"

"चुकलाय."

खाडीत भरती चढत होती, सकाळच्या चिखलावर आता पाणी होतं. ती पाण्याकडे बघत बोलत होती, आणि बोलणं अगदी तिच्या ईमेलसारखं होतं. मी भार घड्याळावर वाढवते. दर मिनिटाला एक दहावा. पण घड्याळाला सर्व्हरची काय खबर? त्याला अजून धाप लागलेली असली तरी मी वाढवणार. त्याने किती जणांना नीट उत्तर दिलं ते मोजायचं आणि त्यावर वाढवायचं. दहा मिनिटं नव्हे, लागला तर तास लागू दे.

मी मनात आमचा निकालाचा दिवस चालवून पाहिला. सहा सर्व्हर, एक पडलेला, उठलेला, पहिल्या मिनिटाला दहावा हिस्सा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला तो पुन्हा पडला असता. जो बदल मी इतका मोजून लिहिला त्यात मोजायची गोष्टच चुकली होती.

"हे लिहिलं का नाहीस?" मी विचारलं.

"होय लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. आणि नाही लिहायचं, तर नियम तुला माहीतच आहे."

नियम असा आहे. 'उणे एक' एकाने जरी लिहिलं तरी बदल थांबतो. पण लिहिणाऱ्याला कारण द्यावं लागतं, आणि दुसरा मार्ग निघेपर्यंत थांबावं लागतं. नाही म्हणून निघून जाणारा माणूस आमच्यात चालत नाही.

"मला कुठे थांबायला वेळ आहे?" हेमा म्हणाली. "पहाटे मासळी घ्यायची, दुपारपर्यंत बाजार, मग आईचं, मग कंपनी. तुझं काम अडवून ठेवायचं आणि स्वतः गायब व्हायचं? त्यापेक्षा गप्प बसले."

"मग वेळ नाही एवढं तरी कळवायचंस."

"म्हणजे तुम्ही मला मानाच्या यादीत टाकलं असतं." ती हसली, पण चष्मा काढून पुसायला लागली. "मला नाही जायचं गं त्या यादीत."

बोट धक्क्याला लागली. स्कूटरवाले आधी चढायला लागले. मी घरून निघताना एक होकार न्यायला निघाले होते, प्रशांतला तसं सांगूनही आले होते. जून माझ्यासमोर होता. तरी मी तिला म्हटलं, "मग नाही लिही."

"तुझाच बदल अडेल."

"अडू दे."

"आणि निकाल?"

"त्या दिवशी उठलेल्या सर्व्हरवर मी हाताने सोडीन, थोडी थोडी गर्दी. बसीन दिवसभर."

तिने हातातली पिशवी माझ्या हातात दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून वर प्लास्टिक. सुके बोंबील. एवढंच म्हणाली की बघू, आणि मी चढले. बोट वळेपर्यंत ती धक्क्यावर होती, मग गावाकडे वळली आणि मधल्या माणसांत दिसेनाशी झाली. अर्ध्या खाडीत माझ्या लक्षात आलं की तिच्या आईच्या चपला माझ्याच पायात आहेत.

सोलापूर

सुक्या बोंबलांनी आमच्या इमारतीत जे केलं ते इथे सविस्तर सांगत नाही. तीन पिशव्या, वर स्टीलचा डबा, डबा बाल्कनीत, तरी तळमजल्यावरचे गृहस्थ वर येऊन चौकशी करून गेले. सासूबाईंनी तीन दिवस बाल्कनीचं दार उघडू दिलं नाही. मुलीने एक भाजून खाल्ला आणि दुसरा मागितला.

हेमाकडून काही आलं नाही. मी तिला लिहिलं नाही. ते माझ्याकडून ओझं झालं असतं. प्रशांतने फोन करून विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बघू म्हणाली. तो म्हणाला की म्हणजे वाट लागली, तो दुसरा माणूस अजून तयार आहे. मी त्याला सांगितलं की माझा स्वतःचाच होकार मी मागे घेतला आहे, आता तू मोजत बस.

मग एका दुपारी, बाजार उठल्यानंतरच्या वेळेला, आम्हा सगळ्यांना मिळून तिचा ईमेल आला. वर एकटं 'उणे एक'. खाली चार मुद्दे, गोड काही नाही, घड्याळावर वाढवणं का चूक आहे आणि उत्तरं मोजून कसं वाढवता येईल. सगळं इंग्रजीत, जगाला कळेल असं. शेवटी तिच्या सवयीप्रमाणे एक प्रश्न, आणि तेवढा मराठीत, 'बोंबील नीट पोचले का?'

परदेशातल्या कुणीतरी लगेच विचारलं की शेवटची ओळ आक्षेपाचा भाग आहे का. प्रशांतने सगळ्यांना उत्तर दिलं की ती ओळ सुक्या मासळीबद्दल आहे आणि पक्क्या आवृत्तीवर तिचा परिणाम होणार नाही.

माझा बदल त्या दिवशी थांबला. पक्की आवृत्ती त्याच्याशिवाय निघाली. उत्तरं मोजायचा अर्धा भाग मी लिहून पाठवला आहे. उरलेला अर्धा मला लिहिता येतो, पण तिथे मी हेमाचं नाव टाकून जागा रिकामी सोडली आहे. त्यावर अजून तिचं काही आलेलं नाही. गणपतीला वेळ आहे, आणि तिच्या आईला अजून बोटीत चढता येत नाही, असं प्रशांतच्या आईंनी चौकशी करून कळवलं. नियमाप्रमाणे थांबणाऱ्या माणसाला किती वेळ द्यायचा हे कुठेच लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं.

त्या चपला धुऊन, पुसून, बाल्कनीत डब्याशेजारी ठेवल्या आहेत. पोस्टाने पाठवता येतील, असं नवरा दोनदा म्हणाला. मी म्हटलं, पाहते. दुपारी बाजार उठायच्या वेळेला मी कॉलेजात असते, तेव्हा एकदा ईमेल उघडून बघते आणि मग डबा खाते.